परसातल्या घराचा गारवा आणि ऊब

वारासिवनीत घराची परीक्षा घेणारे हवामान तीन प्रकारचे असते. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कोरडा उन्हाळा, तिथून सप्टेंबर सरेपर्यंत ओला उकाडा, आणि डिसेंबर-जानेवारीतली सहा-आठ आठवड्यांची थंडी. मधले दिवस घराकडे काही मागत नाहीत. परसात बांधलेल्या एका-दोन खोल्यांच्या घरासाठी गारव्याची आणि उबेची सोय ठरवताना हे तिन्ही काळ वेगवेगळे पाहावे लागतात. पहिल्या काळात उत्तम चालणारे यंत्र दुसऱ्यात नुसती ओल वाढवते, आणि तिसऱ्यासाठी घेतलेले यंत्र वर्षाचे दहा महिने माळ्यावर पडून राहते. त्यामुळे ‘कोणते यंत्र घ्यावे’ या प्रश्नाला इथे एका शब्दाचे उत्तर नाही. त्यातही यंत्राचा नंबर बराच उशिरा लागतो.

वारासिवनी बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. भंडारा, मंडला आणि शिवनी या शेजारच्या जिल्ह्यांचे भाग जोडून १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा तयार झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. प्रशासन दोन झाले, तरी धानाची बांधी, कवेलूंची छपरे आणि घरामागची मोकळी जागा दोन्हीकडे सारखीच राहिली. पूर्व विदर्भात ज्या जागेला सांदवाडी म्हणतात तिथेच आता हे दुसरे छोटे घर उभे राहते. कधी थोरल्या मुलाच्या संसारासाठी, कधी म्हाताऱ्या आईवडिलांसाठी, कधी बदलीवर आलेल्या भाडेकरूसाठी, तर कधी हातमागासाठी. बांधकामाच्या संहितांत देशाचे पाच हवामान विभाग धरले आहेत. हा सारा पट्टा त्यांतल्या ‘संमिश्र’ विभागात येतो. कोरडे ऊन, दमट पाऊस आणि थोडी थंडी हे सगळे एकाच छपराखाली सोसणारा विभाग, असा त्याचा अर्थ.

अशा घराचा आकार ढोबळमानाने ठरलेला असतो. प्रधानमंत्री आवास योजनेने ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा आणि न्हाणी एवढ्यातच ते संपते. घर लहान म्हणून त्याला ताप कमी, असा समज असतो, घडते उलटे. मजल्यांच्या इमारतीत खालच्या घराला वरच्या घराची सावली मिळते, चाळीतल्या खोलीला दोन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती असतात. परसातले घर चारही बाजूंनी आणि वरूनही उघडे असते, आणि आतली हवा थोडी असल्याने तापायला वेळ लागत नाही.

सगळ्यात जास्त ताप वरून येतो. वारासिवनीचे अक्षांश साधारण २१ अंश ४५ मिनिटे. सूर्य इथे वर्षातून दोनदा, ३० मे आणि १३ जुलै या तारखांच्या सुमारास, भर दुपारी थेट डोक्यावर असतो. जुलैत ढग असतात, त्यामुळे ती वेळ कळतही नाही. मेमधली मात्र नेमकी नवतप्यात सापडते. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यापासूनचे हे नऊ दिवस २५ मेच्या आसपास सुरू होतात. लोकांनी तापाचे जे दिवस नक्षत्रावरून मोजले, तेच इथल्या माथ्यावरच्या सूर्याचेही दिवस निघतात. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला दुपारी जवळजवळ ऊन लागत नाही. सकाळी पूर्वेची भिंत तापते, संध्याकाळी पश्चिमेची, आणि मधला सगळा वेळ छप्पर.

हा ताप मोजून पाहण्यासारखा आहे. २५ चौरस मीटरच्या उघड्या काँक्रीट स्लॅबमधून मेच्या दुपारनंतर आत येणारी उष्णता, खोली २७ अंशांवर ठेवायची म्हटले तर, अडीच किलोवॅटच्या पुढे जाते. एअर कंडिशनरचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे पाऊण टनाचे यंत्र नुसत्या छपराशी झुंजण्यात खर्ची पडते; भिंती, खिडक्या, माणसे आणि चूल यांचा हिशेब त्यानंतरचा. त्याच स्लॅबवर पांढऱ्या परावर्तक रंगाचा किंवा चुन्याचा चांगला थर दिला, तर हा ताप पावणेदोन किलोवॅटच्या आसपास उतरतो. स्लॅबवर उष्णतारोधक थरही घातला तर तो एक किलोवॅटच्याही खाली येऊ शकतो. घरांसाठी २०१८ मध्ये आलेल्या ‘इको निवास संहिते’ने छपरातून वाहणाऱ्या उष्णतेच्या गुणांकाला १.२ ही मर्यादा घातली आहे. उघड्या स्लॅबचा गुणांक तीनच्या वर असतो. ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या प्रकल्पांसाठी आहे, परसातल्या घराला तिचे बंधन नाही. पण नेमकी गरज अशाच घरांना जास्त आहे.

जुन्या घरांना हे आकडे ठाऊक नव्हते, तरी त्यांचे छप्पर या बाबतीत शहाणे होते. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई, खाली माळा किंवा पाटण असे, आणि हातभर जाडीची मातीची भिंत दुपारचा ताप आत पोचवायला अर्धा दिवस लावी. तो ताप आत येईपर्यंत रात्र झालेली असे आणि माणसे अंगणात बाजेवर असत. स्लॅब तीन-चार तासांतच ताप आत सोडतो, नेमका माणसे घरात परतण्याच्या वेळेला. पत्र्याचे तर विचारूच नये: तो तापतो लगेच, पण सूर्य बुडाला की निवतोही लगेच. म्हणूनच पत्र्याच्या खोलीत रात्री बरी झोप लागते आणि स्लॅबच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत अंगातून पाणी निथळते. पत्र्याखाली हवा खेळेल इतकी फट सोडून बांबूची तट्टी किंवा जिप्समचे छत बसवले, की त्याची दुपारही सुसह्य होते. बालाघाट हा बांबूचा जिल्हा आहे, तट्टी विणणारे हात दूर शोधावे लागत नाहीत. स्लॅबवर तट्टी अंथरण्याची किंवा मांडव घालण्याची रीतही चांगली. वेलीचा मांडव दिसायला सुंदर, पण मे महिन्यात दोडक्याचा वेल सावली देण्याइतका उरलेला नसतो.

खिडकीचा हिशेबही सूर्यावरूनच बसतो. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर तिच्या वरच्या कडेशी दोन फुटी छज्जा काढला, तर मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी ती खिडकी पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच चढतो, तेव्हा त्याच खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात येतो आणि खोलीला फुकट ऊब मिळते. पश्चिमेला मात्र छज्जा कामाचा नाही, कारण तिकडचे ऊन आडवे येते. तिथे कडुनिंब, तट्टी किंवा बिनखिडकीची भिंत हेच उपाय.

एवढे झाल्यावर पंख्याकडे वळता येते. किती गारवा पुरे, याची भारतीय मोजणी आता उपलब्ध आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी देशातल्या कार्यालयांत पाहणी करून बांधलेले सूत्र २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घेतले गेले. त्यानुसार बाहेरचे महिन्याचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या माणसाला आत २९ अंश, अधिक-उणे अडीच, सहज चालतात. शरीर ऋतूबरोबर बदलते, हे घरातल्या म्हातारीला माहीत होतेच. आता ते सूत्रात आले. म्हणजे खोली २२ अंशांवर नेण्याची गरज बहुतेकदा शरीराला नसते, ती सवयीची असते. जुना छताचा पंखा सत्तर-पंच्याहत्तर वॅट खातो, बीएलडीसी मोटारीचा तीस-पस्तीस. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे, त्यामुळे निवड सोपी झाली. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम उडवतो. खोलीतली हवाच अंगापेक्षा गरम झाली, की तो झळा मारू लागतो. तिथून कूलरचा अधिकार सुरू होतो.

कूलर हे नागपूरपासून बालाघाटपर्यंतच्या उन्हाळ्याचे खरे यंत्र आहे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेते, एवढ्यावरच ते चालते. दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची जुनी रीत आणि आजचा डेझर्ट कूलर यांच्यामागचे तत्त्व एकच आहे. मधे पंखा आणि पंप आले. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या जवळ उतरतो. चांगला कूलर या फरकाचा पाऊण ते चार पंचमांश भाग पदरात पाडतो, म्हणजे तोंडातून येणारी हवा २७-२८ अंशांची असते. पंधरा-सोळा अंशांचा हा फरक दोनशे वॅटच्या आसपासच्या विजेत पडतो. या किमतीत इतके काम करणारे दुसरे यंत्र नाही.

पाऊस सुरू झाला की हेच गणित उलटते. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना ओला तापमापक २९ वरच थांबतो. कूलर जेमतेम अडीच अंश उतरवतो आणि बदल्यात खोलीत दमटपणा भरतो. भिंतीला ओल येते, धान्याला बुरशी लागते, कपडे वाळत नाहीत. वारासिवनीच्या भोवती धानाच्या बांध्यांत पाणी उभे असते, त्यामुळे पाऊस उघडलेल्या दिवसांतही हवा कोरडी होत नाही. तेव्हा पंप बंद करून कूलरचा नुसता पंखा चालवणे किंवा तो झाकून ठेवणे हेच शहाणपण.

कूलर निवडताना आकारापेक्षा जागेकडे आधी पाहावे. त्याची पाठ बाहेर हवी आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला हवा निघायला वाट हवी. परसातल्या खोलीला पुष्कळदा एकच खिडकी असते. तीत कूलर बसवला की हवा कोंडते आणि तासाभरात खोली न्हाणीसारखी होते. समोरचे दार चार बोटे उघडे ठेवणे किंवा वर झरोका काढणे हा उपाय. पाण्याची तयारी लागते ती वेगळीच. तासाला तीन हजार घनमीटर हवा फेकणारा मोठा कूलर मेच्या दुपारी तासाला वीस लिटरांच्या आसपास पाणी पितो. रात्रभर चालवायचा तर टाकी पुन्हा भरण्याची सोय आधी पाहावी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर ताट्यांवर पांढरे क्षार बसतात आणि वारा कमी होतो. वाळ्याच्या ताट्यांना सुवास असतो, पण त्या लवकर कुजतात. लाकडाच्या कीसाच्या ताट्या स्वस्त, त्या दर हंगामाला बदलाव्या लागतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कागदी पॅड महाग, पण काही वर्षे टिकतात. आठवड्यातून एकदा टाकी उपसून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

आणि विजेचा धक्का. लोखंडी पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि आर्थिंग नसलेला प्लग ही सामग्री जीव घेते, आणि विदर्भात व त्याच्या शेजारी दर उन्हाळ्यात ती घेतेच. कूलरचे आर्थिंग तपासून घेणे, मीटरजवळ ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती-रोधक स्विच बसवणे आणि पाणी भरताना प्लग काढणे, या तिन्ही गोष्टी कूलरच्या किमतीतच धराव्यात. फायबरची टाकी घेतली म्हणून आर्थिंगची गरज संपत नाही. मोटारीचा सांगाडा लोखंडीच असतो.

वारासिवनीत कूलरला आणखी एक काम आहे. इथल्या हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि माग पुष्कळदा राहत्या घरातच किंवा परसातल्या खोलीत असतो. सुती धागा कोरड्या हवेत कडक होतो आणि तुटतो. विणकर जमिनीत खड्डा करून माग बसवतो, त्यात बसण्याची सोय आहेच, शिवाय जमिनीलगतची ओल ताण्याला मऊ ठेवते. एअर कंडिशनिंग हा शब्दही याच गरजेतून आला. अमेरिकेतल्या स्टुअर्ट क्रॅमर यांनी १९०६ मध्ये तो वापरला, सूतगिरण्यांतल्या हवेत ओलावा सोडण्याच्या आपल्या यंत्रणेसाठी. पुढे त्या नावाखाली घराघरांत आले ते यंत्र मात्र हवेतले पाणी काढून घेते. मागाच्या खोलीत म्हणूनच कूलर चालतो. एसी लावायचाच तर पाण्याची वाटी, ओले पोते अशा क्लृप्त्या कराव्या लागतात, आणि मग एसीने काढलेले पाणी परत हवेत सोडण्याची वीज फुकट जाते.

एसीची खरी गरज पावसाळ्याच्या उकाड्यात आणि आजारी, वृद्ध किंवा तान्ह्या बाळाच्या खोलीत असते. त्याचा ‘टन’ यंत्राच्या वजनाचा नसतो: एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची ती क्षमता आहे. दहा बाय बारा फुटांच्या झोपायच्या खोलीला, छप्पर पांढरे आणि रोधक केलेले असेल तर, एक टन पुरतो. छप्पर उघडे असेल तर दुकानदार दीड टन सुचवतो. तो चुकीचे सांगत नाही, फक्त छपराची किंमत यंत्रात वसूल करतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली पटकन थंड करून थांबते, हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि पावसाळ्यात खोली थंडगार पण चिकट राहते. वेग बदलणारा इन्व्हर्टर एसी हा दोष बराच कमी करतो.

लेबलवरचे तारे देशाच्या हवामानानुसार, २४ ते ४३ अंशांच्या तापमानात वर्षाला १६०० तास यंत्र चालेल असे धरून दिलेले असतात. वारासिवनीत एक खोली फक्त रात्री आणि फक्त पावसाळी महिन्यांत थंड करायची असेल, तर तास याहून खूप कमी भरतात, आणि पाच ताऱ्यांसाठी मोजलेले जादा पैसे परत यायला वर्षे लागतात. तिथे तीन तारे हा वाईट सौदा नाही. रोज दुपारपासून चालणार असेल, तर पाचच घ्यावेत. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी २४ अंशांवरच सुरू होतात. तिथेच ठेवून वर छताचा पंखा मंद चालवला, तर बहुतेकांना त्याहून खाली जावे लागत नाही. सगळे घर थंड करण्याचा मोह मात्र टाळावा. स्वयंपाकाच्या कोपऱ्याला पडदा आणि झोपायच्या खोलीला घट्ट दार, एवढ्याने काम निम्म्यावर येते.

थंडीची बाजू थोडक्यात आटोपते. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहाच्या आसपास, कधी त्याखाली उतरते, पण दिवसा ऊन असते. दक्षिणेची खिडकी उन्हाला उघडी, सूर्यास्तानंतर घट्ट बंद, दाराखालच्या फटीला गोधडीची घडी आणि छपराला रोधक थर, एवढ्यावर निरोगी माणसाचा हिवाळा निघतो. दोन हजार वॅटचा हीटर चार तासांत आठ युनिट खातो. तेलाचा रेडिएटर खोली सावकाश पण समान तापवतो आणि हवा जाळत नाही. पंख्याचा ब्लोअर न्हाणीपुरता ठीक. पावसाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल, तर ‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारचा घेण्यात अर्थ आहे. तो उष्णता तयार करत नसून बाहेरची आत ओढतो, त्यामुळे एका युनिटात हीटरच्या तिप्पट ऊब देतो. दहा अंशांच्या थंडीत त्याला जडही जात नाही. निव्वळ थंडीसाठी मात्र तो घेऊ नये. शेगडी किंवा कोळशाची गोरसी बंद खोलीत ठेवून झोपणे तर कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्याला त्याची चाहूल लागत नाही. शेकोटीची जागा अंगणात.

शेवटी विजेचा प्रश्न. परसातल्या घराला बहुधा थोरल्या घराच्या मीटरवरूनच तार ओढलेली असते, आणि ती बल्ब-पंख्याच्या बेताची असते. त्या तारेवर एसी जोडला की दाब पडतो, तार तापते, कॉम्प्रेसर कुरकुरतो. त्यासाठी मीटरपासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार, वेगळा एमसीबी, आणि वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणे आवश्यक आहे. सौरऊर्जेचा विचार इथे दुहेरी फायद्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. स्लॅबपासून हातभर उंच बसवलेली सौर पट्टी वीज तर देतेच, शिवाय खालच्या स्लॅबला सावली देते. मात्र त्या सावलीखालचा पांढरा रंग आणि पट्टीमागून वाहणारा वारा, दोन्ही राखावे लागतात.

बांधकाम चालू असतानाच काही गोष्टी भिंतीत सोडून ठेवल्या, तर पुढे फोडाफोड टळते. झोपायच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत तीन इंची पाइपचे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे, म्हणजे एसीचे पाणी आत येत नाही. बाहेरचा डबा उत्तरेला किंवा सावलीत, पण मोकळ्या हवेत, आणि थोरल्या घराच्या खिडकीपासून दूर बसेल अशी जागा आधीच धरावी. त्याची घरघर रात्री जास्त ऐकू येते. कूलरसाठी पूर्वेला किंवा उत्तरेला, कंबरेच्या उंचीवर, बाहेरून ओट्याचा आधार असलेली खिडकी ठेवावी आणि त्या ओट्यापर्यंत पाण्याचा नळ आणावा. समोरच्या भिंतीत छताखाली झरोका ठेवावा, जाळीसह.